नाकाच्या ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी विमानात बसलं तर चालेल का?

दादा, मंगळवारी नाकाचं हाड सरळ करायचं ऑपरेशन आणि सोमवारी नागपूरहून पुण्याचं विमान? तिकीट पुढे ढकला. बहुतेक सर्जन एक ते दोन आठवडे थांबायला सांगतात. नाकात पॅकिंग, म्हणजे रक्त थांबवायला आत भरलेली पट्टी, असेल तर विचारच नको.

विमानातला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. नाक सुजलेलं असलं की सायनसची तोंडं आणि कानाकडे जाणारी नळी बंद राहते, अन् विमान उतरताना दाब वाढला की कपाळात, कानात जोरात कळ निघते. त्यात आतली हवा फार कोरडी. खपली तडकते, घोळणा फुटतो. आपल्याकडे मे महिन्यात धडधाकट पोरांचाही फुटतो, तुमची तर जखम ताजी आहे. माझ्या भावाला आठव्या दिवशी घाटंजीत घरीच रक्त आलं. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं.

जायचंच असेल तर आधी डॉक्टरांना नाक आतून दाखवा. सलाईनचा स्प्रे सोबत ठेवा, नाक शिंकरू नका, शिंक तोंड उघडून द्या. उतरताना झोपू नका, घोट घोट पाणी प्या. रक्त आलंच तर पुढे वाका, नाकाचा मऊ भाग १० मिनिटं दाबून धरा. मान मागे टाकायची नाही, कांदा हुंगायचा नाही. थांबलं नाही तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगा.

डॉक्टर प्रवासाला हो म्हणाले, पण विमानाला नाही, तर वर्ध्याहून पुण्याला रेल्वे आहेच.