जनुकीय बदल केलेल्या डासांमुळे मलेरियाचे उच्चाटन होऊ शकेल का?

एकट्या या उपायाने नाही, पण मोठी मदत नक्कीच होऊ शकते. मलेरिया पसरवते ती ॲनॉफिलीस डासाची मादी. नर चावत नाही. म्हणूनच असे नर सोडले जातात, ज्यांच्याकडून आलेल्या जनुकामुळे मादी संतती प्रौढ होण्याआधीच मरते. आफ्रिकेतील जिबूती या देशात २०२४ साली हाच मार्ग अवलंबण्यात आला. ‘जीन ड्राइव्ह’ हे तंत्र याहून कितीतरी प्रभावी आहे, कारण त्यात बदललेले जनुक जवळजवळ प्रत्येक पिल्लात उतरते: लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या २०१८ मधील प्रयोगात मादीच्या प्रजननक्षमतेसाठी आवश्यक असलेल्या ‘डबलसेक्स’ या जनुकावर रोख ठेवल्यावर पिंजऱ्यांतील डास ७ ते ११ पिढ्यांत नामशेष झाले. मात्र एकदा निसर्गात पसरलेला हा बदल मागे घेणे अत्यंत अवघड असल्याने, स्थानिक लोकांच्या संमतीशिवाय असे डास सोडणे मला अजिबात मान्य नाही.