ट्रोम्सो ते लाँगयरब्येन विमानाने अंतर किती आहे आणि किती वेळ लागतो?

उत्तर नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून अंतर साधारण 960 किलोमीटर, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा कमीच. विमान जवळपास सरळ उत्तरेला जातं आणि पावणेदोन तासांच्या आत उतरतं. पण हा झाला हवेतला वेळ. ट्रोम्सोला आधी पासपोर्ट तपासतात, आणि सगळं अडतं ते तिथे.

लाँगयरब्येन स्वालबार्ड या आर्क्टिकमधल्या बेटसमूहात येतं. 1920 च्या करारामुळे स्वालबार्ड नॉर्वेचंच आहे, पण नॉर्वे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असूनही स्वालबार्ड त्याच्या बाहेर. तिथे जायला व्हिसा लागत नाही. मात्र ट्रोम्सोहून उडालात की तुम्ही शेंगेन सोडलंत, आणि परतताना तो दुसरा प्रवेश धरतात.

आमचे मोठे दीर हे मानायलाच तयार नव्हते. "नॉर्वेतून नॉर्वेत जायचंय, त्याला कसली डबल एंट्री?" आमच्याकडे सहली तेच ठरवतात, त्यामुळे पुढे कोणी बोललं नाही. मी माझा आणि नवऱ्याचा अर्ज स्वतः भरला आणि दोन प्रवेश मागितले. फी तेवढीच असते हो! त्यांचा नि जाऊबाईंचा अर्ज एजंटने भरला, एका प्रवेशाचा.

ट्रोम्सोला खिडकीतल्या बाईंनी त्यांचे पासपोर्ट उलटून पाहिले आणि शांतपणे सांगितलं, जा, पण या व्हिसावर परत येता येणार नाही. तिथून परतीची विमानं नॉर्वेतच उतरतात, मग जाणार कसे? दोघं मागे राहिले. वाईट वाटतं ते जाऊबाईंचं. मध्यरात्रीचं ऊन, बर्फाचे कडे, वॉलरस, सगळं त्यांनी वाचून ठेवलं होतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त त्यांची जाड लोकरीची टोपी माझ्या हातात दिली.

घरात अजून सांगितलं जातं की "त्या बाईने अडवलं". तिने नियम सांगितला. अडवलं ते घरात कोणाचं न ऐकण्याच्या सवयीने. आणि धाकट्या सुनेने कागद वाचून सांगितलेली गोष्ट कागद वाचूनच खोडावी, वयाने नाही. भावोजी हे वाचणार असतील तर वाचू देत.

तुम्ही व्हिसाच्या स्टिकरवर प्रवेशांची संख्या बघा. 01 असेल तर तिकीट काढूच नका, 02 किंवा मल्टी हवं, आणि आधीच्या एखाद्या सहलीत एक प्रवेश वापरून झाला असेल तर 02 सुद्धा पुरणार नाही. शेंगेनमधल्या एखाद्या देशाचा रहिवासी परवाना असेल तर ही अडचण येत नाही, पण पासपोर्टसोबत तो जवळ ठेवा. आणि परतीच्या दिवशीच ओस्लोहून भारताचं विमान धरू नका, तिकडे हवामानामुळे उड्डाणं रखडतात.