दहा मिनिटांचा अवधी

प्रश्न : नोकरीनिमित्त आम्ही गेल्या हिवाळ्यात ओक्लाहोमा सिटीजवळ राहायला आलो. एप्रिल लागल्यापासून फोनवर कधी ‘टोर्नेडो वॉच’, तर कधी ‘टोर्नेडो वॉर्निंग’ असे संदेश येतात. भोंगा वाजला की शेजारचे गृहस्थ अंगणात येऊन आभाळ न्याहाळत उभे राहतात. आम्ही मात्र तीन वेळा मुलांना घेऊन न्हाणीघरात दाटीवाटीने बसलो आणि तिन्ही वेळा काहीच घडले नाही. नेमके केव्हा धावपळ करावी, आणि घराला तळघर नसताना जावे तरी कुठे?

उत्तर : आधी शब्दांचा घोळ दूर करू. ‘चक्रीवादळ’ म्हटले की समुद्रावर जन्मणारे, शेकडो किलोमीटर पसरलेले आणि कित्येक दिवस टिकणारे वादळ समजले जाते, तर ‘वावटळ’ म्हणजे माळरानावर उठणारा धुळीचा भोवरा. टोर्नेडो या दोहोंपैकी काहीच नसल्यामुळे त्याला टोर्नेडोच म्हणणे बरे. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी दमट हवा, पश्चिमेकडची कोरडी हवा आणि उंचीनुसार दिशा व वेग बदलणारे वारे एकत्र आले की गडगडाटी ढगच स्वतःभोवती फिरू लागतो, आणि अशा ढगांपैकी काहींतून फिरत्या हवेचा स्तंभ जमिनीपर्यंत उतरतो.

‘वॉच’ ओक्लाहोमातील नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर, म्हणजे वादळांचा अंदाज वर्तवणारे राष्ट्रीय केंद्र, काढते. पुढील काही तासांत, अनेक काउंटींच्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या) मोठ्या टापूत, टोर्नेडोला अनुकूल हवामान आहे एवढाच त्याचा अर्थ. त्या वेळी कामे थांबवण्याची गरज नाही. फोन चार्ज करावा, घरातले कोण कुठे आहे याची चौकशी करावी आणि संध्याकाळचे लांबचे जाणे टाळावे, कारण बहुतेक टोर्नेडो दुपारी चार ते रात्री नऊच्या दरम्यान होतात. ‘वॉर्निंग’ मात्र राष्ट्रीय हवामान सेवेचे स्थानिक कार्यालय देते, आणि तीही रडारवर ढगातले फिरणे दिसल्यावर किंवा कोणी टोर्नेडो प्रत्यक्ष पाहिल्यावर. तिच्यानंतर हाताशी सरासरी दहा मिनिटांच्या आसपास वेळ उरतो, कधी तेवढाही नाही.

आपले तीन फुकट गेलेले फेरे अपवाद नव्हेत. साधारणपणे दहा वॉर्निंगपैकी सात वेळा टोर्नेडो होतच नाही, आणि शेजाऱ्यांची सवय त्यातूनच आली असावी. पण २२ मे २०११ रोजी मिसूरीतील जॉप्लिन शहरात दीडशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा नंतरच्या चौकशीत हेच आढळले की भोंगा ऐकूनही बहुतेकांनी लगेच आडोसा घेतला नव्हता. कोणी टीव्ही लावला, कोणी दारात येऊन पाहिले. तो टोर्नेडो पावसाच्या पडद्याआड होता, त्यामुळे पाहणाऱ्यांना ओळखीचे नरसाळे दिसण्याची शक्यताच कमी होती. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की वॉर्निंग आल्यावर खात्री करून घेण्यात एकही मिनिट घालवू नये. विचार करायचा तो वॉचच्या वेळी, किंवा त्याहून चांगले म्हणजे हंगाम सुरू होण्याआधी, फेब्रुवारीत.

तळघर नसणे ओक्लाहोमात नवलाचे नाही. तिथल्या चिकणमातीत ते बांधणे आणि टिकवणे कटकटीचे असते. सर्वांत खालच्या मजल्यावर, घराच्या मध्यभागी, बिनखिडकीची जी लहानात लहान जागा असेल ती आपली. आपले न्हाणीघर बाहेरच्या भिंतीला लागून असेल, तर जिन्याखालची किंवा कपड्यांची कोठडी अधिक बरी. त्या कोठडीत आजच प्रत्येकाचे बंद बूट आणि सायकलची हेल्मेटे ठेवा. माणसे वाऱ्यापेक्षा उडून येणाऱ्या फळ्या-विटांनी अधिक जखमी होतात, आणि नंतर अनवाणी बाहेर पडावे तर वाटेत काचा आणि खिळे पसरलेले असतात. घर स्वतःचे असेल, तर गॅरेजच्या जमिनीत बसवलेला पोलादी निवारा हा उत्तम खर्च. तो शहराच्या यादीत नोंदवून घ्या, म्हणजे झाकणावर ढिगारा पडला तरी आत शोधायचे हे बचावपथकाला ठाऊक असेल.

प्रश्न : हवेचा दाब समान राहावा म्हणून खिडक्या उघडाव्यात, आणि गाडीत असल्यास उड्डाणपुलाखाली थांबावे, असे कार्यालयातील जुने लोक सांगतात. ते खरे आहे का?

उत्तर : दोन्ही खोटे आहे. घर दाबाने फुटत नाही; वारा आत शिरतो, छप्पर उचलतो आणि मग भिंती पडतात. खिडकी उघडणारा वाऱ्याला वाट करून देतो आणि स्वतः काचेजवळ उभा राहतो. पुलाखालच्या अरुंद जागेत वाऱ्याचा वेग वाढतो. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातील वादळांत पुलांखाली आसरा घेतलेली तीन माणसे दगावली.

त्याहून घातक गोष्ट म्हणजे चांगले घर सोडून गाडीने पळणे. ३१ मे २०१३ रोजी एल रेनोजवळचा टोर्नेडो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला. भीतीने निघालेल्यांच्या गाड्यांनी महामार्ग तुंबले, आणि वाहनांत मरण पावलेल्यांमध्ये टिम समारास यांच्यासारखे आयुष्यभर वादळांमागे फिरलेले संशोधकही होते. अपवाद एकच, मोबाइल होमचा, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घराचा. ते घर जमिनीला जखडून बांधलेले असले तरी भरवशाचे नाही; तिथे राहणाऱ्यांनी वॉच लागताच पक्क्या इमारतीत जावे, वॉर्निंगची वाट पाहू नये.

प्रश्न : रात्री झोपेत भोंगा ऐकू येईल का? मुलगी तर या भीतीने झोपतच नाही.

उत्तर : भोंगे घराबाहेर असलेल्यांसाठी असतात, बंद खिडक्यांआड, गारांच्या आवाजात ते ऐकू येतीलच असे नाही. बॅटरीवरही चालणारा, इशारा येताच वाजणारा हवामान रेडिओ आपल्या काउंटीपुरता लावून उशाशी ठेवा. ४ मे २००७ रोजी रात्री पावणेदहाच्या सुमारास कॅन्ससमधील ग्रीन्सबर्ग हे गाव जवळजवळ संपूर्ण जमीनदोस्त झाले, तरी वेळेवर इशारा मिळाल्याने बहुतेक गावकरी तळघरांत पोहोचले होते.

मुलीला काहीतरी काम द्या. ओक्लाहोमा सिटीत शनिवारी दुपारी बारा वाजता भोंग्यांची चाचणी होते. त्या आवाजाबरोबर तिने घड्याळ लावावे आणि सगळ्यांना कोठडीत न्यावे, बूट घालायला लावावेत, दार ओढून घ्यावे. दोन-तीन शनिवारांत हे मिनिटभरात जमू लागते. एक मात्र तिला नीट सांगून ठेवा, की हवा बिघडलेली असली तर चाचणी घेत नाहीत; काळ्या आभाळाखाली बारा वाजता वाजलेला भोंगा खराच समजावा.