बरं वाटतंय, आज स्वयंपाक करू का?

प्रश्न : मी वस्तीत स्वयंपाक करून विकते. कालपर्यंत उलट्या-जुलाब होते, आज थांबलेत. हातांना सॅनिटायझर लावून कामाला लागू का?

उत्तर : ताई, आज नको. जुलाब थांबल्यापासून पूर्ण 48 तास थांबा. रोजची कमाई बुडते, हे दवाखान्यात बसून मी पाहते, म्हणून सांगताना जीवावर येतं. पण हा नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब घडवणारा विषाणू, असू शकतो. त्याचे मोजके कणही दुसऱ्याला आजारी पाडतात आणि बरं वाटल्यावरही तो शौचातून दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, बाहेर पडत राहतो. सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. साबणच हवा, 20 सेकंद चोळून, विशेषतः शौचाहून आल्यावर. नळ नसेल तर कुणाकडून तरी हातांवर पाणी ओतून घ्या. बादलीत हात बुचकळू नका.