स्कॅनमध्ये उजळलं म्हणजे कॅन्सरच असं नाही

तुमच्या वडिलांना प्रोस्टेटचा (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) कॅन्सर आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. त्यांचा पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी शोधणारा स्कॅन) पाहून लगेच घाबरू नका. लाळग्रंथी, मूत्रपिंडं, मूत्राशय त्यात सगळ्यांचीच उजळतात. माझ्या रिपोर्टमधल्या लाळग्रंथी वाचून मी रात्रभर जागा होतो! हाडांच्या स्कॅनमध्ये तर झिजलेला गुडघाही चमकतो.

आता ल्युप्रोलाइडच्या इंजेक्शनचं. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून ते खाली आणायचं. पण ल्युप्रोलाइडने पहिले एक-दोन आठवडे ते उलट वाढतं. त्या वाढीचा परिणाम रोखायला बायकाल्युटामाइडच्या गोळ्या दिल्या असतील तर एकही चुकवू नका. या दिवसांत पाठ फार दुखली, पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर थेट हॉस्पिटल गाठा. पीएसएबरोबर (प्रोस्टेट कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) टेस्टोस्टेरॉनही तपासायचं का, ते डॉक्टरांना विचारा; डेसिलिटरला ५० नॅनोग्रॅमच्या खाली हवं.

टेस्टोस्टेरॉन उतरलं की अंगातून एकदम वाफा निघतील, घाम फुटेल. आमच्याकडे ऐन थंडीत पंखा चालू असायचा, बायको दोन गोधड्या घेऊन झोपायची.