युगांडाहून आल्यापासून घास उतरत नाही

प्रश्न: ताई, चर्चच्या टीमबरोबर युगांडाला गेले होते, तिथे दानाच्या वेळी एका आजीने दोन अंडी आणून ठेवली आणि मी पर्समध्ये सुट्टे शोधत होते. आता जेवतानासुद्धा गिल्टी वाटतं.

उत्तर: अगं, बायबलच्या मार्क १२ मधली, जवळ होत्या त्या दोन टोल्या (अगदी छोटी नाणी) दान करणारी विधवाच भेटली की तुला! पण गिल्ट म्हणजे कृतज्ञता नव्हे. तिकडच्या खेड्यांत अंडी, केळी, कधी जिवंत कोंबडीपण दानात येते, मग उपासनेनंतर लिलाव आणि पैसे चर्चला, म्हणजे आजी बिचारी नव्हती, देणारी होती (ते 'गरीब पण किती आनंदी' वाले फोटो मला बिलकुल पटत नाहीत). आणि तिथल्या लुगांडा भाषेत काम करणाऱ्याला भेटल्यावर 'जेबालेको' म्हणतात, कामाबद्दल शाबासकी नि आभार एकातच. उद्या भांडीवाल्या मावशींना म्हणून बघ, मराठीत.