टीव्हीवर गेम अडखळतो: प्लॅन वाढवण्याआधी फ्रेमरेट बांधून पाहा

नमस्कार भाऊ,

संगणकावरचा गेम टीव्हीवर खेळताना अडखळतो, हा आपला प्रश्न वाचला आणि माझाच दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा आठवला. संगणक माडीवर, टीव्ही खाली बैठकीत, संगणकाच्या पडद्यावर एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) तयार होतात त्याचा, आकडा 130 ते 140 च्या घरात, आणि टीव्हीवरच्या मूनलाइट या ॲपमधून खाली येणारे चित्र मात्र दर दोन-चार सेकंदांनी गचका खाते. अशा वेळी राउटर बदलावा की इंटरनेटचा प्लॅन वाढवावा, असे आपण विचारले आहे. तूर्त दोन्ही करू नका. फ्रेमरेट, म्हणजे हाच एफपीएसचा आकडा, 60 वर बांधा, त्याच्यावर जाऊ देऊ नका, आणि मग काय दिसते ते पाहा. संगणकावरून गेम पाठवणारे सनशाइन बसवणे, पिन टाकून टीव्ही जोडणे, वाय-फायच्या 5 गिगाहर्ट्झवर येणे हे सगळे आपण केलेले दिसते, त्यामुळे त्यात शिरत नाही.

आमचे घर भुसावळला आहे. ज्या चुकीने माझे सर्वाधिक पैसे आणि महिने खाल्ले, ती चूक अशी की चित्र अडखळते म्हणजे ‘नेट’ कमी पडते, हे मी कोणतीही शहानिशा न करता गृहीत धरले. इंटरनेट सेवा देणाऱ्या ज्या कार्यालयात मी गेलो, त्याचे नाव घेत नाही, कारण त्या खिडकीवरच्या माणसाशी माझे वैर नाही. पण तीन खेपांमध्ये त्याने मला एकदाही विचारले नाही की गेम नेमका कुठून कुठे जातो. “साहेब, गेमिंगला स्पीड लागतोच,” एवढे एकच वाक्य. पहिल्या खेपेला 50 एमबीपीएसचा प्लॅन 100 झाला, दुसऱ्या खेपेला 200, आणि तिसऱ्या खेपेला ‘जुना राउटर झेपत नाही’ म्हणून नवा राउटर गळ्यात पडला. प्रत्येक वेळी तो मोबाइलवर वेगाची चाचणी लावून आकडा माझ्यासमोर धरत असे, जणू रक्तदाब तपासून दाखवतो आहे. आकडा खरोखर वाढलेला असे, आणि घरी आल्यावर टीव्हीवरचा गचका जसाच्या तसा असे.

भ्रम फुटला तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. बहीण नाशिकहून माहेरी आली होती आणि भाचा दुपारभर बैठकीत गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत होता. मधेच कुठेतरी रस्त्यावर फायबर तुटले, राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकू लागला आणि घरातल्या सगळ्यांचे मोबाइल मुके झाले. भाच्याची गाडी मात्र धावतच होती. “मामा, नेट गेलंय तरी गेम चालू आहे!” तो म्हणाला, आणि मी टीव्हीसमोर उभा राहून पाहिले, तर गेम चालू होता आणि अगदी पूर्वीसारखाच अडखळतही होता. ज्या इंटरनेटसाठी मी तीनदा पैसे मोजले होते, त्याचा या सगळ्याशी काडीचाही संबंध नव्हता. घरातल्या घरात माडीवरून बैठकीत जाणारा गेम राउटरच्या पलीकडे जातच नाही. आपणही दोन मिनिटे फायबरची वायर काढून पाहा. ही तपासणी फुकट आहे आणि मला ती कोणीही सांगितली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

मग दोष कुठे होता? तो सापडण्याचे श्रेय मी घेणार नाही, ते आमच्या मे महिन्याला जाते. त्या आठवड्यात पारा 45 च्या पुढे होता, माडीवरची खोली थेट स्लॅबखाली, कूलर नुसती गरम हवा फेकत होता आणि ग्राफिक्स कार्डाचा पंखा जिन्यापर्यंत ऐकू येत होता. कार्ड जळू नये एवढ्याच हेतूने मी गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमरेट 60 वर बांधला. पाच मिनिटांत खालून भाच्याची हाक आली, “मामा, नवीन वायर टाकली का?”

कारण समजून घेतले तर आपल्यालाही पटेल. फ्रेमरेट मोकळा सोडला की गेम कार्डाची सगळी ताकद ओढून घेतो आणि वापर 98-99 टक्क्यांवर जाऊन बसतो. टीव्हीकडे पाठवण्यासाठी तीच फ्रेम आधी टिपावी लागते, तिचे रंग व्हिडिओच्या साच्यात बदलावे लागतात आणि मग ती व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरकडे जाते. माझ्याकडे एनव्हीडियाचे 1660 सुपर हे कार्ड आहे. त्यातला एन्कोडर हा वेगळा भाग असल्यामुळे त्याला गेमचा त्रास होत नाही, असे मीही समजत होतो. ते अर्धेच खरे आहे, कारण टिपण्याचे आणि रंग बदलण्याचे काम कार्डाच्या त्याच मुख्य भागात होते जिथे गेम ठाण मांडून बसलेला असतो, आणि त्या कामाला गेमच्या मागे रांगेत उभे राहावे लागते. मूनलाइटच्या सेटिंगमध्ये आकडेवारी दाखवण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. माझ्याकडे होस्ट प्रोसेसिंग लेटन्सी, म्हणजे संगणकाला फ्रेम टिपून एन्कोड करायला लागणारा वेळ, आधी सरासरी 22 मिलिसेकंद होती, फ्रेमरेट बांधल्यावर 6 वर आली. नेटवर्क लेटन्सी, म्हणजे वाटेत जाणारा वेळ, दोन्ही वेळा 1 ते 2 मिलिसेकंद होती. 60 एफपीएसला एका फ्रेमच्या वाट्याला 16.7 मिलिसेकंद येतात, म्हणजे टीव्हीकडे निघण्याआधीच माझी फ्रेम उशिरा झालेली होती.

दुसरे असे की त्या 140 फ्रेमपैकी टीव्हीपर्यंत 60 च पोहोचतात, कारण टीव्ही 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 चित्रे दाखवणारा, आणि स्ट्रीमही 60 ची. बाकीच्या फ्रेम तयार होतात, खोली तापवतात आणि फेकल्या जातात. आपला मॉनिटर माझ्यासारखा 144 हर्ट्झचा असेल तर आणखी एक मेख आहे. 144 ला 60 ने भागले तर 2.4 येतात, त्यामुळे पाठवलेल्या दोन फ्रेममधले अंतर कधी मॉनिटरच्या दोन पावलांचे, म्हणजे 13.9 मिलिसेकंद, तर कधी तीन पावलांचे, म्हणजे 20.8 मिलिसेकंद पडते. एकही फ्रेम वाटेत न हरवता चित्र लंगडते ते यामुळे. म्हणून खेळण्यापूर्वी विंडोजमध्ये मॉनिटर 120 किंवा 60 हर्ट्झवर आणावा. मी 120 वर ठेवतो.

लगाम कुठे लावायचा, यावर मतभेद आहेत. माझे मत असे की गेमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये मर्यादा असेल तर तीच वापरावी, कारण बटण दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतचा विलंब त्यात सहसा सर्वांत कमी राहतो. ती नसेल तर रिव्हाट्यूनर हे फ्रेमरेट बांधणारे सॉफ्टवेअर, आणि तेही नको असेल तर एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनलमधली कमाल फ्रेमरेटची सोय, जी जानेवारी 2020 पासूनच्या ड्रायव्हरमध्ये आहे. मात्र तिन्ही एकदम लावू नका. एका बैलाला तीन कासरे बांधल्यासारखे होते आणि कोणी ओढले ते कळत नाही. संगणकावरचा व्ही-सिंक, म्हणजे फ्रेम पडद्याच्या गतीशी जुळवणारी सोय, मी बंद ठेवतो, कारण तो फ्रेम रांगेत थांबवून विलंब वाढवतो. काही गेम व्ही-सिंकशिवाय विचित्र वागतात, तिथे आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

कार्डाला 60 ही झेपत नसतील आणि आकडा 45 ते 60 मध्ये हेलकावत असेल, तर आधी सावल्या आणि रिझोल्यूशन कमी करून 60 सांभाळा. तेही जमले नाही तर सरळ 30 वर या. मधला 40 किंवा 45 चा मोह टाळा, कारण 60 हर्ट्झच्या टीव्हीवर 30 समान बसतात, प्रत्येक फ्रेम दोनदा दिसते, पण 40 ला समान वाटणीच नाही. टीव्ही 120 हर्ट्झचा असेल तर 40 चालतील. कथानक असलेल्या गेमला 30 पुरतात. शर्यतीला आणि नेमबाजीला मी ते कधीच सुचवणार नाही.

मी नेटवर्कचा अभियंता नाही, एका घराचा आणि एका कार्डाचा अनुभव सांगतो आहे, एवढे ध्यानात ठेवून हे वाचावे. एएमडीच्या कार्डावर पर्यायांची नावे वेगळी असतील. आणि नेटवर्कचा दोष कधीच नसतो असेही मी म्हणत नाही. मूनलाइट 1080 पी आणि 60 एफपीएससाठी मुळात 20 एमबीपीएसच मागतो, ते साध्या 100 च्या लॅन पोर्टवरूनही आरामात जातात. पण वाय-फायवर दोन जाड भिंती आणि एक स्लॅब मधे असेल तर तेवढेही सलग मिळत नाहीत. शक्य असेल तर जिन्याच्या कडेने एक लॅन केबल खाली सोडा. ती टाकायला येणाऱ्याकडून आतल्या तारांच्या चारही जोड्या प्लगमध्ये नीट क्रिंप, म्हणजे दाबून पक्क्या, करून घ्या. दोनच जोड्या लागल्या तर लाइन मुकाट्याने 100 वर उतरते. यासाठी मला नव्या राउटरच्या निम्म्याहूनही कमी खर्च आला. टीव्हीचा गेम मोड, म्हणजे चित्राचा विलंब कमी करणारी सोय, चालू आहे ना, तेही पाहून घ्या.

आज संध्याकाळी आकडेवारी चालू करून आधी मोकळ्या फ्रेमरेटवर आणि मग 60 वर दहा-दहा मिनिटे खेळा, आणि दोन्ही वेळची होस्ट प्रोसेसिंग लेटन्सी, नेटवर्क लेटन्सी आणि गळालेल्या फ्रेमची टक्केवारी इथे लिहा. पहिला आकडा खाली आला आणि तरीही गचके राहिले, तर मग वायरीकडे वळू. तोपर्यंत त्या खिडकीवर जाऊ नका.